वंशावळीत नसलेली माणसं

वर्धा जिल्ह्यात स्वतःचं मूळ शोधायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो तहसीलचा. कोतवाल बुक काढा, बंदोबस्ताच्या मिसली पाहा, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा. सल्ला खरा आहे. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. या तीन तारखांनी महाराष्ट्रातल्या घराघरांना आजे-पणजे शोधायला लावलं. आमच्या घरीही भाचीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या वेळी हीच धावपळ झाली. कागद निघाले, काम झालं. प्रतिज्ञापत्रावर वंशावळ उतरली: खापरपणजोबा, त्यांचे मुलगे, त्या मुलग्यांचे मुलगे, माझे वडील, माझा भाऊ आणि शेवटी भाची.

ती वंशावळ हातात घेऊन वाचली तेव्हा मन अडकलं ते एकाच गोष्टीवर. भाचीचं नाव सोडलं तर त्या कागदावर एकही बाई नव्हती. पणजोबांपासून आजोबा झाले, आजोबांपासून वडील झाले, आणि मधल्या सगळ्या आया कुठेच नव्हत्या. मी आत्याला फोन केला. आत्या नव्वदीला टेकली आहे, हिंगणघाटकडची बोली तिने पुण्यात चाळीस-पन्नास वर्षं राहूनही सोडलेली नाही. पणजीबद्दल विचारलं तर म्हणाली, "ते तर मानमोडीत गेली नं. तुया आजा रांगत होता तवा. तिले जाळलं नाई, पुरलं. सरपण नव्हतं उरलं गावात."

आमच्यात जाळतात. त्यामुळे आमच्या घराण्याची एखादी कबर असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. पण आत्याने पुढे आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकल्यावर इतकी उघड वाटली की आजवर लक्षात कशी आली नाही याचं नवल वाटावं. लहान लेकरं सगळ्यांचीच पुरतात. जाळणाऱ्यांचीही. म्हणजे दहन करणाऱ्या प्रत्येक घराचा काही भाग मातीत असतोच, आणि तो नेमका तोच भाग असतो जो वंशावळीत येत नाही. मी वर्ध्याला निघाले ती या माणसांसाठी.

वर्धा शहर तसं तरुण. 1862 साली नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला तेव्हा कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. 1866 साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखीव रस्त्यांचं हे नवं गाव वसवलं. कचेरीतले बहुतेक कागद त्यानंतरचे. वर्धा नदी ही इथे दोन प्रकारच्या कागदांचीही हद्द आहे. नदीपलीकडे वऱ्हाडात रयतवारी होती, सरकार आणि शेतकरी यांच्यात थेट व्यवहार. अलीकडे मालगुजारी: अख्ख्या गावाचा सारा मालगुजार भरायचा आणि कुळं त्याच्या हाताखाली. 1951 साली मालगुजारी गेली, पण तिच्याशी निगडित दस्तऐवज राहिले. गावाच्या रीतिरिवाजांचं वाजिब-उल-अर्ज, आणि सामाईक वापराच्या जागांची नोंद ठेवणारं निस्तारपत्रक. चराई कुठली, पांदण कुठली, गावठाण केवढं, मसणवट कोणत्या नंबरात, हे सगळं त्यात असतं. जुनी दफनाची जागा शोधायची तर आधी निस्तारपत्रक आणि गावनकाशा पाहावा, हे मला कचेरीतल्याच एका कर्मचाऱ्याने सांगितलं. तो सल्ला लाखमोलाचा ठरला.

लाल कापडात बांधलेला बस्ता सुटला की जुन्या कागदाचा कोंदट वास येतो. पानं कडेने तांबूस झालेली, कोपरे हात लागताच गळणारे. कोतवाल बुकातली मृत्यूची नोंद एका ओळीची असते: तारीख, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, आजार. जात लिहिलेली असते म्हणूनच आज या वह्यांना एवढी किंमत आली आहे. 1918 च्या पावसाळ्यापर्यंतची पानं नेहमीसारखी आहेत. गावात आठवड्या-पंधरवड्याला एखादी नोंद. मग ऑक्टोबर येतो आणि ओळींवर ओळी. आजाराच्या रकान्यात ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याने पुढे पुढे तो शब्दही सोडला आहे, नुसत्या दोन रेघा मारल्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेली ही इन्फ्लुएन्झाची साथ, म्हणजेच आत्याची मानमोडी, देशात कोट्यवधी माणसं घेऊन गेली, आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा तिची सर्वांत जास्त झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक होता. शेतात ज्वारी उभी, कापूस फुटायला आलेला, आणि घरात उठून पाणी देणारं कोणी नाही, असं आत्या तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगते.

पणजीची नोंद सापडली. पणजोबांचं नाव, त्यापुढे "याची बायको", वय अंदाजे पंचवीस, आजाराच्या जागी दोन रेघा. तिचं नाव नाही. तिच्याच खाली, चार दिवसांच्या अंतराने, त्याच घरची आणखी एक ओळ: "मुलगी, वय 8 दिवस". हिच्याबद्दल आत्यालाही ठाऊक नव्हतं. पणजी गेली तेव्हा नुकतीच बाळंत झालेली होती, हे आमच्या घराला तब्बल शंभर वर्षांनी कळलं.

या नोंदी ठाण्यात कोण पोचवत होतं, हेही सांगायला हवं. या भागातल्या बहुतेक गावांत कोतवाल महार समाजाचा असे. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे लक्षात ठेवून तो दर आठवड्याला पायी पोलीस ठाण्यात जायचा आणि तिथल्या मुन्शीला सांगायचा. मयताचा सांगावा परगावी नेणं, चितेची लाकडं फोडणं ही कामंही त्याच समाजाच्या माथी मारलेली होती. ज्या माणसाला गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्याच्या स्मरणशक्तीवर आज गावातल्या सगळ्या जातींची प्रमाणपत्रं उभी आहेत. आपला पुरावा हातात आला की आपण या माणसाचं ऋण मान्य करायला हवं. तेवढी कृतज्ञता मला आजवर कुठल्याही घरात ऐकू आली नाही, आमच्याही नाही.

आमचं गाव वणा नदीच्या काठाला, हिंगणघाटच्या अलीकडे. फाल्गुन सरत आला होता. पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, हरभऱ्याचे ढीग खळ्यात पडलेले, नाल्याकाठचे पळस फुललेले. पारावर बसलेल्या एका काकाजींनी विचारलं, "कोनाकडचे जी तुमी?" मी वडिलांचं नाव सांगितलं, मग आजोबांचं. त्यांनी मान हलवली नाही. "घर कोन्तं? वाड्यामांगचं का मरीमायजवळचं?" मरीमायजवळचं, म्हटल्यावर लगेच ओळख पटली. नावं विसरली होती, जागा लक्षात होती. पुढे सगळीकडे हेच अनुभवाला आलं. गाव माणसाला जागेवरून ओळखतं, आणि मेलेल्या माणसालाही.

मसणवट गावाच्या दक्षिणेला, नाल्याच्या वळणावर. गावाची सगळी जमीन काळी, कापसाची. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. तिच्यात रोवलेला दगड दहा-वीस पावसाळ्यांत कलतो, मग आडवा होतो, मग खाली जातो. म्हणून जुन्या लोकांनी दफनासाठी मुरमाड उंचवटा निवडला. निस्तारपत्रकात त्या जागेचं जेवढं क्षेत्र लिहिलं आहे, त्याहून बरंच कमी आज शिल्लक दिसतं. तिन्ही बाजूंनी धुरे सरकत आले आहेत. मधोमध दहनाचं शेड, त्याच्या पत्र्यावर जनसुविधा योजनेचं नाव आणि वर्ष. शेडच्या मागे बोर, हिवर, बाभूळ, आणि त्यांच्या बुडाशी काळ्या दगडांचे विस्कटलेले ढिगारे.

बायका मसणात येत नाहीत. मी येणार म्हटल्यावर काकाजींनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण सोबतही आले नाहीत. सोबत आल्या त्या शेजारच्या घरच्या म्हाताऱ्या मावशी. काठी टेकत, वाटेत दोनदा बसत, पण थेट हिवराच्या झाडापाशी घेऊन गेल्या. मला प्रश्न पडला की ज्या बाईला इथे यायची मुभाच नव्हती तिला वाट कशी ठाऊक. मावशी म्हणाल्या, "येत नव्हतो बाई. पन वेचनीले जाची वाट हेच होती. जाता जाता पायत होतो. आमाले माईत असे कोन्तं कोनाचं हाय ते."

मला या प्रवासात मिळालेली सर्वांत मोठी माहिती हीच. पुरुष लेकरू घेऊन यायचे, खड्डा करायचे, मीठ टाकायचे, माती लोटून वर बोराट्या आणि दगड ठेवायचे, म्हणजे जनावर उकरणार नाही. मग घरी जाऊन अंघोळ करायचे आणि तो विषय संपायचा. बायकांचा संपायचा नाही. कापूस वेचायला जाताना, येताना, डोक्यावर गाठोडं घेऊन त्या या उंचवट्याकडे एकदा पाहायच्या. आपलं कुठलं, जावेचं कुठलं, शेजारणीचं कुठलं, हे सगळ्याजणींना पाठ होतं. सासूने सुनेला सांगितलं, सुनेने तिच्या सुनेला. मावशींनी काठीच्या टोकाने एकेक ढिगारा दाखवला. हे पाटलाच्या घरचं, देवीत गेलेलं. हे दोन जुळे. हे तेलीणबाईचं, तिचं एकही वाचलं नाही. "आन् हे तुमच्या घरचं. माय आन् लेक. एका जागी ठेवलं म्हनत."

पावलाएवढा एक दगड तिथे होता. मुद्दाम घडवलेला नव्हे, नाल्यातूनच उचललेला, एका बाजूने घासून सपाट केलेला. त्या सपाट बाजूवर छिन्नीने कोरलेली दोन लहान पावलं होती, पादुकांसारखी, पण बोटं नसलेली. कोरणारा पाथरवट नव्हता हे कळत होतं. खाचा कमी-जास्त खोल, एका पावलाची टाच कोपऱ्याबाहेर गेलेली. खाचांमध्ये शेंदूर नव्हता, शेवाळ वाळून काळं झालं होतं. कुणी कोरलं असेल? पणजोबांनी, असं मावशी म्हणाल्या. गावात मरण एवढं स्वस्त झालेलं असताना, घरात रांगतं पोर असताना, त्या माणसाने बसून दगडावर पावलं काढली होती. कोतवाल बुकात ज्याच्या बायकोला नाव नाही, त्याने तिची खूण ठेवली होती. मी मावशींना विचारलं, त्या मुलीचं नाव काय होतं? "नाव कोठी ठेवलं होतं बाई? बारसंच नव्हतं झालं नं."

उंचवट्याच्या पलीकडे, नाला ओलांडल्यावर, आणखी एक दफनाची जागा आहे. ती पूर्वीच्या महारवाड्याची. निस्तारपत्रकातही तिचा नंबर वेगळा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा या गावातूनही माणसं पायी गेली होती, आणि आज त्या जागेवर निळ्या रंगाने रंगवलेले, नाव आणि तारीख लिहिलेले नीट बांधलेले चौथरे आहेत. अलीकडच्या जागेपेक्षा तिथे नावं जास्त आहेत. ज्यांना शतकानुशतकं लिहू दिलं नाही, त्यांनी लिहायला मिळताच आपली माणसं लिहून ठेवली. बाबासाहेबांच्या चळवळीने खेड्यात काय केलं हे मला त्या चौथऱ्यांवर दिसलं. त्यांत बायकांची नावं होती, आईच्या नावानिशी.

जिल्ह्यातल्या इतर जुन्या खुणाही पाहाव्यात म्हणून गावातून हिंगणघाटला गेले. कापसाच्या बाजारासाठी आणि गिरण्यांसाठी हे शहर कधीकाळी देशभर ओळखलं जायचं. इथे एका परक्या माणसाची कबर आहे. कर्नल विल्यम लॅम्बटन. 1802 साली मद्रासजवळ त्याने जमिनीवर एक रेषा मोजली आणि तिथून त्रिकोणांची साखळी जोडत तो उत्तरेकडे निघाला. यालाच पुढे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे असं नाव मिळालं. साधारण 78 रेखांशाला धरून दक्षिण टोकापासून निघालेला हा मोठा कंस मोजत तो म्हातारा झाला, आणि हैदराबादहून नागपूरला जाताना जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. काम त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेलं. याच सर्वेक्षणाच्या जाळ्यातून 1852 च्या सुमारास राधानाथ सिकदारांनी हिमालयातल्या एका शिखराची उंची काढली, आणि त्या शिखराला एव्हरेस्टचं नाव लागलं. जॉन के या लेखकाने 2000 साली या मोजणीवर पुस्तक लिहिलं, त्यात लॅम्बटनच्या कबरीचा शोधही आहे. सगळ्या जगात ज्याची नोंद आहे, त्याचीही कबर विचारत विचारतच शोधावी लागते. आमच्या गावच्या मसणवटीचा नकाशा मला कचेरीत मिळाला तो पुढच्या काळातल्या गावमोजणीमुळे, आणि तिच्या मुळाशी लॅम्बटनने सुरू केलेली हीच शिस्त आहे. पणजीच्या दगडापर्यंत पोचायला या माणसाचाही हात लागला, म्हणून मी तिथे दोन फुलं ठेवली.

पुढे समुद्रपूरवरून गिरडला. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा. बाबांची मूळ मजार पंजाबातल्या पाकपट्टणला, पण ते इथे राहून गेले ही या भागाची श्रद्धा. टेकडीवर गोलसर दगडी खडे सापडतात. एका व्यापाऱ्याने बाबांशी खोटं बोलल्यावर त्याच्या मालाचे दगड झाले, अशी कथा सांगतात. भूगर्भशास्त्र त्यांना बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइटचे गोळे म्हणतं. सगळ्या जातीधर्माच्या बाया तिथे लेकरं घेऊन येतात, नवस बोलतात, फेडतात. लेकरू जगू दे, हे मागणं इथे किती जुनं असेल याचा अंदाज मला हिवराखालचे ढिगारे पाहून आल्यामुळे आला.

वर्ध्याकडे परतताना पवनारला थांबले. धाम नदीच्या काठावरचा विनोबांचा आश्रम सर्वांना माहीत आहे. 1959 साली त्यांनी तिथे बायकांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. पण या गावाचं त्याहून जुनं एक नातं मला हवं होतं. महामहोपाध्याय मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार असं मांडलं. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही, काहीजण रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. म. के. ढवळीकर यांनी 1967 साली इथे उत्खननही केलं. हे प्रवरपूर वसवणाऱ्या दुसऱ्या प्रवरसेनाची आई म्हणजे प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ती मुलगी. नवरा लवकर गेला, मुलं लहान, राज्य तिने सांभाळलं. तिचे ताम्रपट मिळाले आहेत, त्यांतला एक वर्धा नदीपलीकडच्या ऋद्धपूरचा. त्या ताम्रपटांत तिने वंशावळ दिली आहे ती माहेरची. गुप्त राजे एकामागून एक, मग वडील, आणि आई कुबेरनागा, नागकुळात जन्मलेली. गोत्रही तिने वडिलांचं लावलं, धारण. सोळाशे वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका बाईने आपण कुणाची मुलगी आणि आपली आई कोण हे तांब्यावर कोरून ठेवलं. ती राणी होती म्हणून तिला ते शक्य झालं, हे खरं. पण असं करता येतं, करावं, हे तिने दाखवून दिलं होतं. नंतर आपणच ते सोडलं.

उत्तरेला आर्वीकडे निघाले. जुन्या आर्वी तालुक्यात खैरवाड्याला शिलावर्तुळं आहेत. मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले, आत मुरूम आणि मातीचा भराव, त्याखाली हाडांचे अवशेष, काळी-तांबडी भांडी, लोखंडाची हत्यारं. नागपूरजवळच्या जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथली वर्तुळं याच परंपरेतली, अडीच हजार वर्षांहून जुनी. टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप परतताना 4 सप्टेंबर 1863 ला पुराच्या पाण्यात बुडाले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. खैरवाड्याच्या दगडांमध्ये उभी राहिले तेव्हा जाणवलं की जिल्ह्यातल्या सर्वांत जुन्या मसणवटींपैकी ही एक. इथे पुरलेली माणसं कोणती भाषा बोलत, कोणत्या नावांनी एकमेकांना हाक मारत, काहीच उरलेलं नाही. तरी कुणीतरी हे प्रचंड दगड ओढत आणून आपल्या माणसाभोवती मांडले होते. मोठ्या दगडांचं जतन निदान पुरातत्त्व विभागाच्या विषयपत्रिकेत तरी येतं. पावलाएवढ्या दगडाचं जतन करणारं घरच लागतं.

शेवटचा मुक्काम आष्टी. जहांगीराच्या काळात इथे महंमद खान नियाझीची जहागीर होती. त्याची आणि त्याचा मुलगा अहमद खान याची, अशी दोन देखणी मुघल धाटणीची थडगी गावात आहेत. आणि याच गावात 16 ऑगस्ट 1942 ला पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसं पडली. गावाच्या नावातच आता शहीद हा शब्द आहे, आणि स्मारकावर नावं. बाप-लेकाची थडगी आणि हुतात्म्यांचं स्मारक एकाच गावात पाहताना वाटलं, स्मरणात राहण्याचे दोन रस्ते समाजाने मान्य केले आहेत, सत्ता आणि बलिदान. तिसरा रस्ता, माणसांना जन्म देत आणि वाढवत मरून जाण्याचा, अजून मान्य व्हायचा आहे. आष्टीत त्या दिवशी पडलेल्या प्रत्येक तरुणामागेही एक आई होती, आणि तिचं नाव पुढच्या पिढीला माहीत असलं पाहिजे.

परत आल्यावर मी आणि भाचीने एक वही केली. पणजीचं नाव आत्याला आठवत होतं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, आणि तिचं माहेर देवळीकडचं होतं हेही. ते सगळं त्यात लिहिलं. आठ दिवसांच्या मुलीच्या जागी "मुलगी, 1918" एवढंच लिहिलं आहे. तिला आज नाव देण्याचा अधिकार आम्हाला नाही, पण जागा देण्याचा आहे. हिवराच्या झाडाचा अक्षांश-रेखांश, निस्तारपत्रकातला नंबर, दगडाचा फोटो, आणि मावशींनी काठीने दाखवलेला प्रत्येक ढिगारा कोणत्या घरचा, हेही त्यात आहे. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला दिली.

हे काम घाईचं आहे. गावोगाव मसणवटींची सुधारणा होते आहे, शेड, पेव्हिंग ब्लॉक, संरक्षक भिंत. ती व्हायलाच हवी. पावसात भिजत चिता पेटवायची वेळ कुणावर येऊ नये. पण जेसीबी उंचवट्यावर चढण्याआधी एक दिवस गावातल्या म्हाताऱ्या बायांना तिथे न्या, आणि त्या काय सांगतात ते लिहून घ्या. अलीकडच्या आणि नाल्यापलीकडच्या, दोन्ही मसणवटींत. हिंगणघाटच्या, समुद्रपूरच्या, आर्वीच्या कुठल्याही शाळेतल्या पोरांना हे जमेल. वाट दाखवणाऱ्या मावशी प्रत्येक गावात अजून एक-दोन तरी असतील, आणि त्या फार दिवस असणार नाहीत.

प्रतिज्ञापत्रासाठी सरकारला लागतात तेवढी नावं कार्यालयात द्यावीत. घरातली वंशावळ मात्र पूर्ण असावी. तिच्यात प्रत्येक बापाशेजारी आई असावी, आईचं माहेर असावं, न जगलेली लेकरं असावीत. येत्या अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरताना आमच्या घरी ती वही उघडून सगळी नावं वाचायची, असं भाचीने ठरवलं आहे, आणि वाचणार तीच आहे.